जरा हात लावता का?

सोसायटीच्या सभेत ओल्या-सुक्या कचऱ्यावर मी दहा मिनिटं बोललो आणि टाळ्या मिळवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबलाची डोकी, केळीच्या साली आणि दुधाच्या पिशव्या यांची एकच मोट बांधून सुक्याच्या डब्यात टाकली. वळलो तर मागे मास्तर. पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता. "काल छान बोललात," ते म्हणाले, "आता जरा हात लावता का?" मग तुळिंजच्या त्या वाहत्या गल्लीत, इस्त्रीच्या शर्टातला मी आणि पंचाहत्तरीचे मास्तर, आम्ही तांदूळ निवडावेत तशी ती पिशवी निवडली. तेव्हापासून आमच्या घरचा कचरा चुकलेला नाही. भाषण मीच केलं होतं. त्याचा माझ्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता.

मास्तर मूळचे वटारचे. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर आमच्या इमारतीत राहायला आले. रविवारी मात्र गावच्या 'देवळात' जायचे. चर्चला ते देऊळच म्हणत. येताना वाडीतलं एखादं केळफूल आणून कुणाच्या तरी दाराला अडकवत. बायकोशी फोनवर बोलावं तसं आपल्या घरच्या बोलीत ते जास्वंदीच्या कुंडीशी बोलायचे. आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी.

त्यांची एक खोड होती. ते कुणालाही मत विचारत नसत. मला तर मतं फार. कुणी विचारत नाही हीच तक्रार. एकदा मी ते बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, "पोरांना मी तीस वर्षं विचारलं, स्वच्छता आवडते का. सगळे हो म्हणायचे. वर्ग घाण तो घाणच. मग विचारणं सोडलं, झाडू दिला. मन आळशी असतं हो. त्याला पुढे घालू नये. हात पुढे गेला की ते येतं मागून."

मी मान डोलावली आणि विसरलो.

पुढे तळमजल्यावर अर्नाळ्याची ताई भाड्याने राहायला आली. नवरा समुद्रात बुडून गेलेला, ती तुळिंजच्या बाजारात मासळी विकायची. संध्याकाळी जिन्याखालच्या नळावर मासळीच्या पाट्या धुवायची आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. खोली खाली करून घ्यावी, असं घरमालकाला सोसायटीने कळवायचं ठरत आलं. मराठी चांगलं म्हणून अर्ज मी लिहिला. 'सार्वजनिक आरोग्य' हा शब्द तीनदा घातला. लिहिताना ताटात तळलेला बोंबील होता. बायकोने ताटाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि दुसरा बोंबील वाढला.

सहीसाठी पहिला मास्तरांकडे गेलो. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. अक्षर सुरेख आहे म्हणाले, घडी घालून खिशात ठेवला. "सही करू सावकाश. आधी जरा हात लावता का?"

इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळ एक पडीक कोपरा होता. तिथे मास्तर विटा रचत होते. मी विटा उचलल्या. वास येतो म्हणणारे चौथ्या मजल्यावरचे काका पाइप धरून उभे होते. पहिल्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाईंनी ब्लीचिंग पावडरचा डबा आणला. मास्तरांनी सगळ्यांना एकेकटं गाठलं होतं, ताईचं नावही न काढता. दोन रविवारांत मोरी उभी राहिली, नळ बसला. मग ताईच्या भरल्या पाट्या तिकडे न्यायची वेळ आली तेव्हा एक टोक माझ्याच हातात होतं.

"दादा, पानी सांडंल शर्टावर, सांभाला," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने हळूच, "मला वाटलं तुमी लोकं मला काढनार."

मी पाटी मोरीत नेऊन ठेवली.

सभा झाली. विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण अर्ज मी वाचायचा होता. मी उठलो आणि अर्ज घरी राहिला, असं सांगितलं. काका म्हणाले, जाऊ द्या, आता वास तरी कुठे येतो. येत होता थोडा. पण ज्या मोरीला आपण विटा वाहिल्या, तिच्याविरुद्ध बोलायला जीभ वळत नाही. बाहेर पडताना मास्तरांनी अर्ज माझ्या हातात ठेवला. "मागची बाजू कोरी आहे. पाण्याच्या वेळा लिहून नोटीसबोर्डाला लावा."

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मास्तर गेले. आम्ही सगळे वटारला गेलो. ताई बाजार बंद ठेवून आली होती. देवळाच्या दाराशी मी बाजूला उभा होतो. आपण परके, कुठे मध्ये जायचं, असं वाटत होतं. मास्तरांचा मुलगा जवळ आला, पेटीकडे हात करून म्हणाला, "जरा हात लावता का?" आवाज अगदी बापाचा. मी खांदा दिला, मूठभर माती टाकली, आणि तोवर आवरून धरलेलं रडू मग आलं. मागून.

घरी आल्यावर राहवेना. मास्तरांसाठी सोसायटीत सभा घेऊ, मी बोलेन, असं म्हणत कागद पुढे ओढला.

बायको पदराला हात पुसत म्हणाली, "भाषण राहू द्या. ताईच्या मोरीचा नळ चार दिवस गळतोय. पाना कपाटावर आहे."