एकशे बारावं घर

सावळीराम थेटे सरांबद्दल चांगलं बोला असं मला कुणी सांगू नये, आणि वाईट बोला असंही. दोन्ही माझं पोटभर करून झालं आहे. नऊ वर्षं मी त्यांचे गोडवे गायले. ज्याला नको होते त्यालाही ऐकवले. त्यानंतर त्यांचं नाव निघालं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊ लागले.

१९९७ साली मी नाशिकच्या एका कॉलेजात एम.एड.ला होते. सर आम्हाला शैक्षणिक संशोधन पद्धती शिकवायचे. हा विषय म्हणजे सगळ्यांच्या घशातला काटा. परिकल्पना, चल, नमुना निवड हे सगळं पाठ करायचं, पेपरात ओतायचं आणि घरी येईपर्यंत विसरायचं. प्रबंधाची तर ठरलेलीच रीत होती. शंभर प्रश्नावल्या छापायच्या, वीस खरोखर भरून आणायच्या आणि ऐंशी घरी बसून भरायच्या. दहा तऱ्हेची पेनं, थोडं नवऱ्याचं अक्षर, थोडं नणंदेचं. आमच्या वर्गातल्या एका गुरुजींनी त्यासाठी डाव्या हाताने लिहायचा सराव केला होता, आणि ते हे अभिमानाने सांगत.

सर मखमलाबादचे. घरी भाजीपाला आणि झेंडू. सकाळी मार्केटात टोमॅटो उतरवायचे आणि तसेच एम-एटीवर बसून कॉलेजात यायचे. नखांत माती, खिशाला दोन पेनं. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'नमुना निवड' असं लिहिलं आणि विचारलं, "लिलावाला कांद्याची ट्रॉली आली की व्यापारी काय करतो?"

"हात आत घालून खालचा माल बघतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"का?"

"वर निवडक कांदा लावलेला असतो, सर."

"झालं. संपला धडा. वरचा कांदा बघून भाव बोलणारा व्यापारी बुडतो, आणि रस्त्याकडेच्या दहा घरांत विचारून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी पास होतो. फरक एवढाच."

विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन शब्दांनी पिढ्यान् पिढ्या नापास केल्या. सरांनी ते पाच मिनिटांत सांगितलं. एखादा तराजू रोज, न चुकता, पन्नास ग्रॅम कमी दाखवतो. त्याची विश्वसनीयता शंभर टक्के आणि सप्रमाणता शून्य. पुढे मी स्वतः हा विषय शिकवू लागले तेव्हा हीच ट्रॉली आणि हाच तराजू माझ्या वर्गात आला. मी दर वेळी सांगायचे, हे माझ्या सरांचं आहे.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. आम्हा पगाऱ्यांच्या घरात एम.एड.पर्यंत पोचलेली मी पहिली. मी विषय घेतला होता कांद्याच्या हंगामात मुली शाळेत का येत नाहीत, हा. विंचूरच्या आसपासच्या शाळांच्या हजेरीपटांवरून सरांनी माझ्याकडून चिठ्ठ्या करून घेतल्या आणि स्टीलच्या डब्यातून एकशे बारा काढायला लावल्या. म्हणाले, "चिठ्ठीत निघालं तेच घर. शेजारचं चालणार नाही. शेजारचं घर सोपं असतं, म्हणून तर माणूस तिथं जातो."

पहिल्या दिवशी ते स्वतः विंचूरला आले. एका खळ्यावर सातआठ बाया कांदे निवडत बसल्या होत्या. मी फॉर्म काढला तसा सरांनी तो माझ्या हातातून घेतला आणि ते सरळ कांद्याच्या ढिगाशी बसले. मलाही बसवलं. अर्धा तास आम्ही कांदे निवडले. मग एक म्हातारी आपणहून बोलायला लागली. सर मला हळूच म्हणाले, "आधी हात चालव, मग तोंड." मी ते आयुष्यभरासाठी गाठीला बांधलं.

चार महिने दर शनिवार-रविवार मी एस.टी.ने विंचूर गाठत होते. बायका बोलायच्या, रडायच्या, हाकलूनही द्यायच्या. बोलताना कुणाची शेळी सुटायची, कुणाची सासू मधेच तोंड घालायची. सरांच्या सांगण्यावरून ते सगळं मी समासात लिहायचे. एकशे अकरा घरं झाली. एकशे बाराव्या घराला तीनदा कुलूप मिळालं. प्रबंध द्यायला आठ दिवस राहिले होते.

आणि मी घाण केली. विंचूरच्या स्टँडवर बसून तो एक फॉर्म मीच भरला. सरांच्या शिस्तीप्रमाणे फॉर्मवर नाव नसायचं, फक्त नंबर. तरी मी मनातल्या मनात त्या बाईचं नाव कुसाबाई ठेवलं. शाळेविषयी तिच्या तोंडी उत्तर घातलं, "पोरगी एकच हाय. शाळेत धाडली तर तिचं भलं, कांद्यात आणली तर घराचं. अर्धी अर्धी करता येत नाय ना तिला." लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले. एवढी मी स्वतःच्या थापेवर खूश होते.

सरांनी गठ्ठा चाळला आणि नेमका तो कागद बाजूला काढला.

"ही बाई बसली कुठं होती?"

"ओट्यावर, सर."

"हातात काय होतं तिच्या?"

मी फॉर्म उलटून पाहिला.

"बाकीच्या एकशे अकरा बघ. कुणाचं पोर रडतंय, कुणाचं दूध उतू जातंय. हिला मात्र कुणीच आडवं आलं नाही. एवढं सुरेख एका दमात कीर्तनकार बोलतो, छाया. कांदेवाली नाही बोलत."

मला रडू कोसळलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "उद्या परत जा. कुलूप असेल तर कुलूप लिही. कुलूप हेसुद्धा उत्तरच आहे." मी गेले. शेजारणीने सांगितलं की ते अख्खं बिऱ्हाड पोरीसकट पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला गेलंय. मी तेवढंच लिहिलं. माझ्या प्रबंधात एकशे अकरा घरं आली आणि एका ओळीत कुलूप.

खोटा फॉर्म सरांनी टेबलाच्या खणात टाकला. "पुढच्या पोरांना दाखवीन. नाव नाही सांगणार तुझं." तोंडी परीक्षेनंतर त्यांनी खऱ्या फॉर्मांचा गठ्ठाही मागितला. घरी उंदीर खातील, विभागात राहू दे, म्हणाले. मी आनंदाने दिला. घरी जाऊन आईला सांगितलं की असा माणूस पाहिला नाही. चूक पकडली, पण चारचौघांत नाक कापलं नाही. आई म्हणाली, "देवमाणूस हाय गं."

पुढे मला एका नव्या कॉलेजात नोकरी लागली. २००२ साली सरांना पीएच.डी. मिळाली. विषय मुलींच्या शिक्षणाचाच होता. मी पेढे घेऊन गेले, पाया पडले. प्रबंध वाचायला काही मी मागितला नाही. सरांचा प्रबंध तपासायचा असतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

२००६ साली चैताली माझ्याकडे एम.एड.चा प्रबंध करत होती. ओझरची पोर, वडील विमानाच्या कारखान्यात. चिकाटीची. संबंधित साहित्याच्या आढाव्यासाठी ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून सरांच्या प्रबंधातली पानं झेरॉक्स करून घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, यातलं एक वाक्य मी माझ्या पहिल्या प्रकरणाच्या वरच टाकणार आहे. ऐका." आणि तिने वाचलं, "पोरगी एकच हाय. शाळेत धाडली तर तिचं भलं, कांद्यात आणली तर घराचं..."

खाली लिहिलं होतं: विंचूर परिसरातील एक माता, प्रत्यक्ष मुलाखत.

मी पानं हिसकावूनच घेतली. पुढचं कोष्टक पाहिलं. चार तालुके, तीनशे चाळीस घरं, त्यात विंचूरची एकशे बारा. माझी एकशे अकरा आणि वर ती कुसाबाई. ऋणनिर्देशात पत्नीचे आभार होते, टंकलेखकाचे होते, ग्रंथपालांचे होते. माझं नाव मी तीनदा शोधलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मखमलाबादला गेले. काकू, म्हणजे वत्सलाबाई, ओसरीवर झेंडू निवडत होत्या. "या मॅडम, लय दिवसांनी वाट चुकल्या!" त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. सर खुर्चीत होते, गुडघ्याला पट्टा.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, तुमच्या प्रबंधात विंचूरची एकशे बारा घरं आहेत."

त्यांनी विचारलंसुद्धा नाही की तुला कुणी सांगितलं. "बस ना," म्हणाले.

"माझी एकशे अकरा होती."

"दोनदा मुदतवाढ घेतली होती गं. गुडघे कामातून गेलेले. तीन तालुके कसेबसे केले. तुझी घरं चांगली होती, तशी मला जमली नसती."

"मागितली असती तर दिली असती मी."

"आपल्या विद्यार्थ्याकडं हात पसरू?" ते म्हणाले.

"आणि ती बाई? ती तर तुम्हीच पकडलीत ना, सर?"

यावर ते चक्क हसले. "परीक्षकांनी तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. म्हणाले, थेटे, असं वाक्य घरी बसून सुचत नाही, त्याला पायपीट लागते."

मी म्हटलं, मी विद्यापीठाला कळवते.

"कळव," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच मऊ. "पण मग ते विचारतील, वाक्य कुणी रचलं. तेव्हा मी कुणाला बोललो नव्हतो, छाया."

चोरी मी कदाचित गिळली असती. माणूस थकतो, मोहाला बळी पडतो, मीही स्टँडवर पडलेच होते. पण ज्या एका गोष्टीसाठी मी या माणसाला देव मानत आले, तीच त्यांनी खिशातून काढून माझ्यासमोर धरली. नऊ वर्षांपूर्वी ती माया असेलही. आता ती धमकी होती. काकूंनी चहा आणला, मी तो प्यायले. निघताना त्यांनी पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घातल्या. नको म्हणायचंही मला सुचलं नाही.

विद्यापीठाला मी पत्र लिहायला घेतलं आणि तीन ओळींवर थांबले. भ्याले, दुसरं काही नाही. पण चैतालीचं काय करायचं? तिचं पहिलं प्रकरण टायपिंगला जाणार होतं, आणि त्याच्या माथ्यावर माझी थाप बसणार होती.

मी तिला बोलावलं आणि म्हटलं, "ते वाक्य काढ."

"का, मॅडम? थेटे सरांच्या पीएच.डी.तलं आहे."

काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेता आली असती. संदर्भ जुना आहे म्हटलं असतं तरी तिने मुकाट काढलं असतं. पण मी तिला सगळं सांगितलं. कुलूप सांगितलं, स्टँड सांगितलं, सरांनी मला कसं पकडलं आणि पुढे तेच कसं वापरलं तेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, ही पोर म्हणेल, मॅडम, तुमच्यावर फार अन्याय झाला.

चैतालीने वाक्यावर काट मारली.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"बाकीच्या एकशे अकरा बायका तरी खऱ्या होत्या ना?"

होत्या, मी म्हटलं. त्यांच्यासोबत कांदे निवडून माझे हात सोलवटले होते, हेही म्हटलं. तिने मान डोलावली. पण मीही वर्गात अशी मान डोलावते, पुरावा नसलेलं उत्तर ऐकलं की. माझ्याजवळ दाखवायला त्यांतला एकही फॉर्म नव्हता.

ती कागद गोळा करून गेली. प्रबंध तिने माझ्याकडेच पूर्ण केला, चांगला केला. माझ्या विंचूरच्या कामाचा उल्लेख मात्र तिने त्यात कुठेच केला नाही.