चांद्याच्या कॉलेजातलं एक मत

शेजारचा सुतार सागवानाला रंधा मारू लागला, की त्या वासाने मी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कॉलेजातल्या सभागृहात जाऊन बसते. पन्नासच्या दशकात तिथली बाकं नवीकोरी होती आणि आम्ही मुली तिघीच. त्या दुपारी वादसभा होती: वेगळा विदर्भ की संयुक्त महाराष्ट्र? बहुतेक सगळे विदर्भवाले, मीही त्यांच्यातलीच.

आरमोरीच्या मासेमार घरातला विठोबा संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने बोलायला उभा राहिला, तशी मागची मुलं बाकं बडवू लागली. दोघेतिघे त्याला खाली ओढायला पुढे सरकले. विठोबा घामाने निथळत होता, पण जागचा हलला नाही.

मी उभी राहिले. घरी कळलं तर कॉलेज बंद होणार, हे मला ठाऊक होतं.

"मत त मी याच्या विरोधातच देईन," मी म्हणाले, "पण बोलू द्या त्याले. ऐकल्याबिगर कशी देऊ?"

बडवणं थांबलं. विठोबा शेवटपर्यंत बोलला आणि हरला.

संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला ओसरीवर बोलावलं.

"मंग मत कोणाले देल्लं?" त्यांनी विचारलं.

"विदर्भाले."

"काऊन?"

मी कारणं सांगत गेले, ते ऐकत राहिले. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. आज कळतं, आमच्या घरात एका बाईला तिचं मत विचारलं गेलं, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा.