ओढ्यापलीकडं नेलेली वस्ती

आता तुमच्यापासून काय लपवू? लोक चुकून दुसऱ्याच्या चपला घालून जातात, नाहीतर चुकीच्या बसमध्ये चढतात. मी अकरा घरांची अख्खी वस्ती चुकून परराज्यात नेऊन ठेवली.

चहा घ्या, सांगतो.

आम्ही भांडीवाले. जुने कपडे घ्यायचे, स्टीलचं पातेलं द्यायचं. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या मराठी काकू अजून ओळखतात आम्हाला. आजा सोलापूरकडून निघाला तेव्हापासून आमची पालं कुठंच चार महिने टिकली नाहीत. शेवटी आनेकलच्या पुढं एका ओढ्याकाठी टिकली, तीही सहा वर्षं. कारण एकच, माझी थोरली बहीण. अक्का.

अक्का दहावीपर्यंत शिकली, मी तिसरीतून पळालो. भटक्या लोकांसाठी सरकारची घरांची योजना होती. जागा पंचायत देणार, पैसा सरकार देणार, अंगमेहनत आम्ही करायची. त्यासाठी अक्कानं अकरा घरांचा संघ केला आणि कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई म्हणायचा, "अक्का, आज सुट्टी आहे. तरी आलात?" शेवटी एकच पायरी उरली. साहेब येऊन बघणार, लोक खरंच तिथं राहतात का.

आणि अक्का गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. तिच्याच पालात.

जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "म्हादू, माझ्यासाठी पालं हलवू नका. साहेब येऊन जाईपर्यंत एक खुंटी उपटायची नाही."

मी हो म्हणालो.

तर आमच्यात रीत अशी, की जिथं माणूस गेलं ती जागा सोडायची. त्याला वाट मोकळी करून द्यायची. अक्काला हे माहीत होतं, म्हणूनच ती बोलली. पण मला वाटलं, जन्मभर ही "माझ्यासाठी काही करू नका" म्हणत आली, हेही तसलंच.

तेरावा झाला, तरी कुणी हलेना. मी नागूमामांकडं गेलो. वस्तीत सगळ्यात वडीलधारे तेच.

"मामा, उठायचं कधी?"

"पोरगी नको म्हणाली ना."

"ती म्हणणारच. तुम्हाला काही वाटतं की नाही? तिच्या पालासमोर बसून भाकरी गिळताय."

मामांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "आणि साहेब येणार आहेत त्याचं?"

"साहेब माणसं मोजणार ना? माणसं आहेतच की. ओढ्याच्या अलीकडं मोजली काय, पलीकडं मोजली काय."

खरं सांगतो, कुणालाच त्यात चूक दिसली नाही. आम्ही पाल ठोकू तिथं आमचं गाव, असंच चालत आलेलं. सरकार जागाही बघतं हे आमच्यातल्या एकाच माणसाला कळलं होतं, आणि तिच्याच तेराव्याचं जेवून आम्ही हात धुतले होते.

पहिली खुंटी मी उपटली. दुपारपर्यंत वस्ती ओढ्यापलीकडं. मागं राहिला फक्त बाळ्या, अक्काचा लंगडा कुत्रा. त्याला ओढलं, भाकरी दाखवली, शिव्या दिल्या. अक्काचं पाल होतं तिथून तो उठलाच नाही.

पलीकडं एक पाटी होती. मला कन्नडच धड वाचता येत नाही, आणि ती अक्षरं तर कन्नडही नव्हती. शंका यायला हवी होती की नाही? नाही आली.

गुरुवारी साहेब आले. जागेवर अकरा काळ्या चुली आणि एक कुत्रा. मी पलीकडून हात हलवला. "साहेब, इकडं या, सगळे आहोत." बिचारे पँट दुमडून ओढ्यातून आले. आम्ही खाटेवर बसवलं, चहा दिला. फोटोसाठी त्यांनी मोबाइल काढला तर तोच किणकिणला. तमिळनाडूत आपलं स्वागत आहे म्हणे.

साहेब कप हातात घेऊनच उभे राहिले. "एनप्पा, हे काय? कर्नाटक त्या काठावर राहिलं."

"माणसं तीच आहेत साहेब. मोजून घ्या."

"माणसं मी कुठंही मोजीन. घरं त्या जमिनीवर द्यायची आहेत. तिथं कोण राहतं?"

सगळ्यांनी तिकडं बघितलं. बाळ्या कान खाजवत होता.

इथं तरी मी गप्प बसावं ना? "स्वल्प थांबा साहेब. तुम्ही चहा घ्या, तोवर परत नेतो सगळं." आणि लागलो खुंट्या उपटायला. मी पळतोय म्हटल्यावर सगळेच पळायला लागले. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या. साहेब बसले होते ती खाटसुद्धा आम्ही मागून घेतली. अर्ध्या तासात अकरा पालं जुन्या जागी. मी छाती काढून म्हणालो, "बघा साहेब, आहे का कुणाची अशी वस्ती?"

"तेच तर," साहेब म्हणाले. "वरचे विचारतील, अर्ध्या तासात उठणाऱ्यांना पक्कं घर कशाला? मी काय सांगू? त्या फाइलवाल्या अक्का कुठं आहेत? त्यांना बोलवा. त्यांना नियम पाठ आहेत."

अक्का गेली, हे मीच सांगितलं.

साहेबांनी हातातला कागद मिटला. "मला खोटं लिहिता येत नाही. या यादीत तुमची नावं जाणार नाहीत. पुढच्या वर्षी परत येतो. तोवर हलू नका. सरी?"

"सरी," मी म्हणालो.

ते गेल्यावर नागूमामा माझ्याजवळ आले. वाटलं, एक ठेवून देतील. दिली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "तिनं सहा वर्षं खपून बसवलं रे आपल्याला."

पंधरा दिवसांनी पंचायतीतल्या बाईंनी साहेबांचा अहवाल वाचून दाखवला. 'पाहणीच्या वेळी जागेवर एक कुत्रा आढळला.' सगळे हसले. मीही हसलो. मग एकेक जण माझ्याकडं बघून गप्प झाला.

आता अक्काच्या जागेवर माझं पाल आहे. दुसरं कुणी तिथं राहायला तयार नव्हतं. फेरीला बाकीचे जातात, मी तिची फाइल मांडीवर घेऊन राखण करतो. शेजारी बाळ्या असतो. मी जरा उठलो की मान वर करून बघतो.

पुढच्या वर्षी साहेब येतील तेव्हा जागेवर आम्ही दोघं तर नक्की सापडू. एकानं अक्काचं पहिल्यापासून ऐकलं. दुसरा आता त्याच्याकडून शिकतोय.