हसायचं नाही, घ्यायचं नाही

प्रयोग साधा होता. आईने बाळाला समोर बसवायचे आणि थोडा वेळ खेळवायचे. घंटी वाजली की चेहरा निर्विकार करायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही, घ्यायचं नाही. बाळ काय करते ते परदेशातून परतलेले एक प्राध्यापक डॉक्टर छोट्या कॅमेऱ्याने टिपत. जागा म्हणजे धरमपेठेतल्या त्यांच्या बंगल्याचा दिवाणखाना. कोराडीचे वीज केंद्र तेव्हा नवे होते.

माझ्या धाकट्या बहिणीला तिथे तिच्या सासऱ्यांनी नेले. ते मौद्याचे मोठे शेतकरी, प्राध्यापकांच्या घरचे जुने स्नेही. बहिणीचा नवरा कोराडीला नोकरीला होता. क्वार्टर मिळाले होते आणि लवकरच ती बाळाला घेऊन तिकडे जाणार होती.

फिल्म दाखवायच्या संध्याकाळी मला बातमीदार म्हणून बोलावणे आले. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. डॉक्टर मंडळी सपत्नीक आली होती. बहिणीचे सासरे पुढच्या खुर्चीवर बसले होते. चिवड्याच्या बशा फिरत होत्या.

इतर आया आधी हसत होत्या, घंटीनंतर गप्प होत होत्या आणि लगेच न राहवून बाळाला उचलत होत्या. मग चादरीवर बहीण आली. डोक्यावरून पदर, नजर सतरंजीवर. भाचा पाच-सहा महिन्यांचा. त्याने हात पुढे केले, मान वाकडी केली, मग तोंड पसरले. फिल्म मुकी होती. रडणे नुसते दिसत होते. शेंबूड ओठांवर उतरला तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "किती गोड आहे गं!" लोक हसले. बहीण हलली नाही.

"या आईच्या वागण्यात घंटीआधी आणि घंटीनंतर काही फरकच नाही," प्राध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज खूश होता. "अशी केस मिळायला नशीब लागतं."

चादरीवरच्या चित्राच्या कडेला धोतराचा काठ आणि जोडा दिसत होता. फिल्म काढताना सासरे तिथेच सोफ्यावर बसलेले होते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर स्वतःचे मूल घेत नाही, खेळवत नाही. जावेचे मूल खुशाल घ्यावे. आपले घेतले तर निर्लज्ज ठरते. हे मी प्राध्यापकांना सांगितले.

"अहो, घरचं नैसर्गिक वातावरण हवं, म्हणूनच तर त्यांना बसवलं," ते म्हणाले आणि बोटांवरचे शेव-दाणे चाटून सासऱ्यांकडे वळले. "मूल आईशी जुळलेलं नाही. त्याच्याशी हसणारं कुणी आहे का घरी?"

"मोठी सून आहे ना. दिवसभर तिच्याचजवळ राह्यते."

मोठ्या सुनेला मूल नव्हते. आणि पुतण्या जावेचा, म्हणून त्याला सगळ्यांसमोर खेळवायची तिला मुभा होती.

"मग तिच्याकडेच ठेवा. शास्त्र हेच सांगतं."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. 

मौद्याला निर्णय झाला: बहिणीने कोराडीला जावे, मुलाने मोठ्या सुनेपाशी राहावे. डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर मेहुणेही कबूल झाले. तिला पोचवायला मला बोलावले.

मी गेलो तेव्हा सासरे ओसरीवर बाजेवर बसून पान लावत होते. जाऊ मुलाला मांडीवर नाचवत होती. बहिणीची ट्रंक दाराशी होती.

"फिल्मवाल्याले समजलं नाई, ठीक आहे," मी आत जाऊन बहिणीला हळूच म्हणालो. "तू काहून नाई सांगितलं वं?"

"कोणाले सांगू गा दादा? मामाजीच तं समोर होते."

ती ओसरीवर आली, सासऱ्यांच्या अगदी समोरून गेली आणि तिने जावेच्या मांडीवरून मुलाला उचलले. त्याचा मुका घेतला. मोठ्याने, दोन्ही गालांवर.

"लाज आहे का काही?" सासरे ओरडले.

"लाज धरली तं पोरगं चाललं ना माहं, मामाजी."

ते बाजेवरून पचकन थुंकले. लाल पिंक तिच्या पावलाशी पडली. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. जाऊ उठली. आत जाऊन मुलाचे टोपडे तेवढे घेऊन आली.

बसमध्ये मूल जावेसाठी रडत होते. बहीण त्याच्याशी अखंड बोलत होती. कावळा, रेडा, बसचा भोंगा, जे दिसेल ते. पुढचा एक म्हातारा वळून बघत राहिला. तिने पदर सावरला नाही.

पुढे प्राध्यापकांना हे कळले. आपल्या फिल्ममुळेच आई सुधारली, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फिल्म शेजारी शेजारी दाखवता येतील, तर कोराडीला कॅमेरा घेऊन कधी येऊ, असे त्यांनी विचारले. मी ते बहिणीला विचारले.

"ये म्हणा," ती म्हणाली. "अन् येतानी सोताचं पोरगं घेऊन ये म्हणा रडवाले."