सातच्या बॅचमधल्या बाया

आमच्या बॅचचे किस्से मी मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. ते आपोआप साचत गेले. सकाळी आठला पोहण्याच्या टँकमधून बाहेर पडायचं, केस पिळायचे आणि गेटसमोरच्या टपरीवर चहाला उकळी येईपर्यंत एकीने तरी म्हणायचं, "अगं, आज काय झालं माहितीये?" चार वर्षं हेच चालू आहे. आता घरी मी नुसतं तोंड उघडलं तरी आमचे हे विचारतात, "आज कोण बुडालं?"

कोणी बुडत नाही हो! बुडायला गेलेल्या बाया वर कशा आल्या, त्याच्याच तर या गोष्टी आहेत.

*

मी मंदा. बडनेऱ्याला रेल्वेच्या रिझर्व्हेशन खिडकीत बसते. बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून गुडघे असे आखडले की जिना दिसला तरी घाम फुटायचा. डॉक्टर म्हणाले, "पोहायला जा."

"मला पाण्याची भीती वाटते."

"मग चालायला जा."

"चाललं की गुडघे दुखतात."

"म्हणून तर पोहायला जा!"

झालं. अमरावतीतल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवर चार कॉलेजची पोरं उभी. मी आवाज खाली घेऊन म्हटलं, "पोहण्याचा ड्रेस दाखवा."

दुकानदाराने मोठ्यांदा विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

मी म्हटलं, "एक्कावन्नावीत!"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, गुपचूप शिडी लावली आणि सगळ्यात वरचा खोका काढला.

*

बायकांची बॅच सकाळी सातची. शिकवायला निखत मॅडम. वय सव्वीस, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की पलीकडच्या मैदानावर चालणारी माणसंसुद्धा दचकून हात-पाय नीट हलवायला लागतात. अर्धं बोलणं मराठीत, अर्धं हिंदीत.

पहिले नऊ दिवस मी टँकच्या कडेचा स्टीलचा दांडा सोडला नाही. पाण्यात उतरायचं, दांडा धरायचा, तासभर उभं राहायचं, घरी जायचं. बोटं सुकलेल्या खारकेसारखी व्हायची, पण पकड ढिली नाही!

दहाव्या दिवशी निखत मॅडम कडेला येऊन बसल्या. "काकू, एक सांगू? ये डंडा आपको सँभालते सँभालते थक गया है. त्याला आज सुट्टी द्या."

मला हसू आलं. हसता हसता पकड सुटली. त्यांनी माझ्या पाठीखाली दोन बोटं लावली, फक्त दोन, आणि म्हणाल्या, "वर बघा. आसमान देखो."

मी बघितलं. कान पाण्याखाली गेले, जगाचा आवाज बंद झाला. वर एवढं मोठं निळं आभाळ, आणि मी! कुठेच टेकलेली नाही, कुणाला धरलेलं नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं की निखत मॅडम चार हात लांब उभ्या राहून टाळ्या वाजवतायत. ती दोन बोटं केव्हाच निघाली होती!

एक्कावन्न वर्षांत मला कुणी विचारलं असतं, "तुला काय आवडतं?" तर मी म्हटलं असतं, "पोहे." त्या दिवसापासून उत्तर तिथूनच सुरू होतं, पण शेवट बदललाय.

दुपारी ड्यूटीवर बसले, तरी मी तरंगतच होते. खिडकीपलीकडून एक जण सारखं विचारत होता, "मॅडम, कन्फर्म आहे ना?"

मी म्हटलं, "एकदम कन्फर्म! माझं मलाच खरं वाटत नाही!"

बिचाऱ्याने आनंदात बायकोला फोन लावला. त्याचं वेटिंग चौदा होतं.

*

आमच्या बॅचमध्ये देशमुख मॅडम आहेत. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या, वय सदुसष्ट. माणूस पाण्यात का बुडू शकत नाही हे त्या छातीभर पाण्यात उभ्या राहून इतकं सुंदर समजावतात की ऐकणाऱ्याची भीती पळून जाते. एकदा त्यांनी अर्धा तास समजावलं. पाणी वर ढकलतं म्हणजे काय, फुप्फुसात हवा भरली की काय होतं, सगळं. आम्ही सात जणी तोंड उघडं टाकून ऐकत होतो.

मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला, पाय उचलले आणि दगडासारख्या खाली गेल्या.

निखत मॅडमनी दंड धरून वर काढलं. देशमुख मॅडमनी नाकातलं पाणी शिंकरलं, गॉगल सरळ केला आणि म्हणाल्या, "सिद्धान्त बरोबर आहे. विद्यार्थिनी कच्ची आहे."

पण बाई हटल्या नाहीत! कडेला प्लास्टिकच्या पिशवीत एक वही ठेवायच्या. त्यात रोज तरंगण्याचे सेकंद लिहायच्या. आज दोन. आज तीन. आज पुन्हा दोन. साडेतीन महिन्यांनी एका सकाळी त्या तरंगल्या त्या तरंगल्याच. आम्ही मोठ्याने सेकंद मोजत होतो. शंभरावर गेल्यावर आमचा श्वास संपला, त्यांचा नाही. बाहेर आल्या, वही उघडली आणि आकडा लिहिलाच नाही. नुसतं लिहिलं, "पुढचा धडा."

*

आता दुर्गाबाई. या आमच्या बॅचमध्ये नव्हत्या. गेटबाहेर भाजी घेऊन बसायच्या. घरच्या वावरातली मेथी, पालक, कोथिंबीर. वय बासष्ट. आम्ही पोहून निघालो की त्यांच्याकडून भाजी घ्यायची आणि त्यांनी एवढंच विचारायचं, "आज पानी कसं होतं?"

आम्हाला वाटायचं, बोलायचं म्हणून बोलतात.

एका सकाळी निखत मॅडमना यायला उशीर झाला होता. आम्ही पायऱ्यांवर बसून वाट बघत होतो. टँकचे मॅनेजर गावंडे साहेब फोनवर हातवारे करत कडेने चालले होते, आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा गेला ना पाण्यात! तोही बारा फूट खोल असलेल्या बाजूला. पंपाची खोली, ऑफिस, चेंजिंग रूम, सगळ्या किल्ल्या त्यातच. साहेब कडेला वाकून असे बघत होते, जणू हाक मारली की जुडगा वर येईल.

गलका ऐकून दुर्गाबाई आत आल्या. "काय पडलं?"

"किल्ल्या!"

"कुठी?"

आम्ही बोट दाखवलं. बाईंनी पदर खोचला, साडीचा कासोटा मारला आणि कुणी काही म्हणायच्या आत सरळ उडी! पाणी मिटलं. आम्ही किंचाळायला तोंड उघडलं, पण किंचाळायला वेळच मिळाला नाही. बाई वर आल्या, दातांत जुडगा!

गावंडे साहेबांना काय सुचावं? म्हणाले, "अहो बाई, साडी नेसून पाण्यात उतरायला सक्त मनाई आहे इथे! बोर्ड नाही वाचला?"

दुर्गाबाईंनी दातांतला जुडगा हातात घेतला. "मंग चाब्या परत टाकू का खाली?"

*

त्या दिवशी भाजी विकायची तशीच राहिली. आम्ही सगळ्या त्यांना घेरून बसलो. माहेरी, दर्यापूरकडच्या खेड्यात, घरामागे मोठी विहीर. वडिलांनी सातव्या वर्षी कमरेला वाळलेला भोपळा बांधून ढकललं होतं. लग्नापर्यंत उन्हाळाभर मुक्काम पाण्यातच.

देशमुख मॅडमनी विचारलं, "मग लग्नानंतर? सासरी विहीर नव्हती?"

"विहीर होती ना बाई. येळच नोता."

बेचाळीस वर्षं! निखत मॅडम तेवढ्यात पोचल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्या सरळ ऑफिसात गेल्या, फॉर्म आणला, पेन काढलं आणि म्हणाल्या, "मावशी, नाम बोलो."

*

दुर्गाबाईंच्या ड्रेसचा प्रश्न आला. त्यांना पूर्ण बाह्यांचा, पायघोळ हवा होता. निखत मॅडम म्हणाल्या, "अब्बा शिवतील." त्यांचे अब्बा टेलर.

तेव्हा कळलं की निखत मॅडमचा पहिला ड्रेसही अब्बांनीच शिवला होता. बारा वर्षांची पोरगी पोहायचं म्हणून हटून बसलेली, आणि अंगभर झाकेल असा ड्रेस तेव्हा दुकानात मिळेना. अब्बांनी खूप डोकं चालवलं. पाण्यासाठी कोणतं कापड? तर छत्रीचं! चार काळ्या छत्र्या उसवून त्यांनी ड्रेस शिवला. पोरीने ऐटीत उडी मारली, ड्रेसमध्ये हवा भरली आणि पोरगी पाण्यावर फुग्यासारखी टम्म! वळताही येईना, खालीही जाता येईना. सगळा टँक हसायला लागला.

कडेला उभे असलेले अब्बा मात्र छाती फुगवून ओरडले, "देखा? मेरी सिलाई है, डूबने नहीं देगी!"

पुढे त्याच पोरीने राज्यापर्यंत मजल मारली. मग खांदा निखळला आणि स्पर्धा सुटल्या. मी एकदा धीर करून विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटायचं ना काकू. खूप रडले. मग तुमची बॅच मिळाली." आणि डोळे मिचकावून म्हणाल्या, "तुम्हाला तो दांडा सोडायला लावणं स्टेट मेडलपेक्षा अवघड होतं!"

*

मला वाटलं होतं, तरंगायला आलं म्हणजे भीती गेली. ती गेली नव्हती. बारा फुटांकडे माझी वाट बघत होती.

पहिल्यांदा टँक आडवा सोडून उभा पार करायला निघाले. अर्ध्यात खाली बघितलं. तळाच्या फरशा एकदम खोल, निळ्या-काळ्या. झालं! हात-पाय विसरले. शेजारी देशमुख मॅडम होत्या, त्यांच्या गळ्यातच पडले. दोघी खाली! निखत मॅडम आणि दुर्गाबाईंनी आम्हाला ओढून काढलं. देशमुख मॅडम खोकत होत्या. आपल्या भीतीने एखाद्याचा जीव गेला असता, हे डोक्यातून जाईना.

अकरा दिवस मी टँकवर गेले नाही. फोन उचलले नाहीत. घरी सांगितलं, पाणी थंड असतं.

बाराव्या दिवशी दुपारी खिडकीत बसले होते. रांग लांबलचक. मान खाली घालून म्हटलं, "पुढे! कुठलं तिकीट?"

"बारा फुटाचं द्या."

वर बघितलं तर दुर्गाबाई! भाजी आवरून, ऑटो करून बडनेऱ्यापर्यंत आल्या होत्या आणि रांगेत गुपचूप उभ्या होत्या. रांग तिथेच थांबली. मागचे लोक ओरडायला लागले, "ओ मावशी, काय कटकट हाय?"

दुर्गाबाईंनी मागे वळून ठणकावलं, "थांब ना बापा! तिकीट काहाडून राहिली ना मी!" मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "आन् मंदाताई, रिटर्न बी द्या. जाऊन वापस याचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पाण्यात होते. एका बाजूला दुर्गाबाई, दुसऱ्या बाजूला देशमुख मॅडम. हो, त्याच देशमुख मॅडम! म्हणाल्या, "या वेळी गळ्याऐवजी खांदा धरा, तेवढं बघा."

धरायची वेळच आली नाही. गेले आणि परत आले!

*

मागच्या हिवाळ्यात निखत मॅडमनी आमची नावं अकोल्याच्या स्पर्धेत टाकली. मोठ्या वयाच्या लोकांसाठीच होती. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. डब्यात देशमुख मॅडमनी आम्हाला श्वास घ्यायला शिकवलं आणि अर्धा डबा आमच्यासोबत श्वास घेत अकोल्याला पोचला. आमचे हे "मी नुसता बसायला येतो" म्हणून सोबत आले होते.

माझी शर्यत पन्नास मीटरची. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये दोन फेऱ्या. पाण्यात डोकं घातलं की काही ऐकू येत नाही, पण श्वास घ्यायला तोंड बाहेर काढलं की दर वेळी एकच आवाज, "मंदे! सोडू नको वं! हान हात!" तीस वर्षांत या माणसाने मला कधी अशी हाक मारली नव्हती.

मी भिंतीला हात लावला. पाचवी आले. बाहेर येते तोवर ह्यांनी नणंदेला फोनही लावला होता. "पाचवा नंबर आला मंदाचा! अकोल्यात! हो! काय? किती जणी होत्या? हॅलो... हॅलो... तुझा आवाज कटून राहिला!"

आणि लगेच फोन खिशात.

*

त्यानंतर साठीच्या वरच्या बायकांचा गट. देशमुख मॅडमचं प्रेम फक्त तरंगण्यावर जडलेलं, म्हणून त्यांनी नाव दिलं नव्हतं. गटात नाव एकच, दुर्गाबाईंचं.

पंच म्हणाले, "मावशी, तुमच्यासोबत कोणीच नाही. आरामात दोन फेऱ्या मारा, मेडल तुमचंच आहे."

दुर्गाबाईंनी मान हलवली. शिट्टी झाली, उडी पडली. डोकं पाण्याच्या वर, हात लांब लांब, विहिरीत पोहतात तसं. कोणत्या स्ट्रोकमध्ये बसवावं ते पंचांनाही कळेना. एक फेरी. दुसरी. भिंतीला हात लागला, टाळ्या वाजल्या, पंचांनी शिट्टी मारली.

बाई वळल्या आणि पुन्हा निघाल्या.

आम्हाला वाटलं, मोजण्यात चूक झाली. निखत मॅडम कडेने पळत सुटल्या, "मावशी, बस! हो गया!" पंचांची पुन्हा शिट्टी. तिसरी फेरी, चौथी. पुढच्या शर्यतीच्या बाया टोप्या घालून उभ्या होत्या, त्या थांबल्या. पाचवी. आता कोणी ओरडत नव्हतं. सहावी. त्या उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने टाळी सुरू केली आणि मग सगळा टँक एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागला. पंचांच्या तोंडातली शिट्टी खाली आली. सातवी. आठवी.

आठव्या फेरीनंतर बाईंनी भिंत धरली, तोंडावरून हात फिरवला. धाप म्हणून नाही!

पंच गुडघ्यांवर बसले. "मावशी, शर्यत दोन फेऱ्यांतच संपली होती. शिट्टी ऐकू नाही आली का?"

"आली ना."

"मग थांबल्या का नाहीत?"

दुर्गाबाईंनी पूर्ण टँकवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "शर्यत संपली असन, साहेब. पानी कुठी संपलं?"