कर्नल ग्रोमोव्हचं रशियन

पडदा वर जातो तेव्हा भिंतीभर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले दिसतात. नांदेडातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची ही रेकॉर्डिंगची खोली. बाहेरच्या ऑटोंचा आवाज आत येऊ नये म्हणून ही सजावट, आणि आतल्या पंख्याचाही नको म्हणून पंखा बंद. मधोमध माइक. एका खुर्चीवर औशाचे संगप्पा, वय चौऱ्याहत्तर; कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यातला खालचा घामाबरोबर भुवईत उतरलेला. शेजारी पत्नी गौरम्मा, मांडीवर जेवणाचा डबा.

संगप्पांनी जन्मभर औशाच्या मोंढ्यात हरभऱ्याचे लिलाव पुकारले, आणि दुपारी मोंढा थंडावला की पोत्यावर बसून हेरकथा लिहिल्या. एकूण बावीस. लातूरच्या बसस्टँडवर त्या भुईमुगाच्या शेंगांशेजारी विकायला असत आणि उदगीर येईपर्यंत वाचून संपत. खलनायक कायम एकच, कर्नल ग्रोमोव्ह. पुढं प्रकाशक वारला, पुस्तकं रद्दीत गेली, आणि कर्नलला विचारणारं कुणी उरलं नाही. आता इतक्या वर्षांनी एका कंपनीला त्या कथा आवाजात काढायच्या होत्या. संगप्पांना पैशाचं फारसं नव्हतं. डोळे मिटण्याआधी कर्नलला एकदा गरजताना ऐकावं, एवढंच होतं.

कंपनीची एक अट होती: कथेतली परकी भाषा खरी पाहिजे, आणि कागदावर जाणकाराची सही. म्हणून लोह्याची पुनम आली होती. रशियात सहा वर्षं डॉक्टरकी शिकून परतलेली.

सोमेशनं, म्हणजे रेकॉर्डिंगवाल्यानं, घसा खाकरून पहिलं पान वाचलं. "कर्नलनं पिस्तूल रोखलं आणि तो रशियनमध्ये गरजला, ऊटा आतेन्री?"

पुनमनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आजोबा, हे रशियन न्हाई."

"जुनं असंल," संगप्पा म्हणाले. "तिकडल्या खेड्यातलं."

"मी खेड्यातलेच पेशंट तपासलेत."

"मग तूच सांग बाई, पिस्तूल रोखल्यावर काय म्हणतेत?"

पुनम विचारात पडली. "मला दवाखान्यातलंच येतंय. दिशीते. नि दिशीते."

"म्हंजे?"

"श्वास घ्या. आता धरून ठेवा."

सोमेशनं तेही जोरात म्हणून पाहिलं. भाषा अस्सल होती, पण कर्नल नायकाच्या छातीचा एक्स-रे काढतोय असं वाटायला लागलं. संगप्पांचा चेहरा उतरला.

"परत वाच रे ते आधीचं," गौरम्मा म्हणाल्या.

सोमेशनं वाचलं.

"हे तर मी म्हणते. जेवलात का, म्हणून."

संगप्पा अंड्यांचे ट्रे मोजू लागले.

झालं होतं असं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाचा निरोप आला, उद्यापर्यंत दोन ओळी रशियन पाहिजे. औशात रशियन माणूस कुठला? स्वयंपाकघरात मात्र कर्नाटकातल्या भालकीच्या गौरम्मा होत्या, आणि त्यांचं वाढणंही कानडीत, रागावणंही कानडीत. दारातून जे ऐकू आलं ते संगप्पांनी कागदावर घेतलं. गौरम्मांनी त्या पुस्तकांना कधी हात लावला नाही. मुखपृष्ठावरच्या पिस्तूलवाल्या बाईच्या अंगावर कापड फार थोडं असायचं.

"मरताना काय म्हणतो हा?" त्यांनी विचारलं.

सोमेशनं शेवटचं पान काढलं. "होगि बरतीनि."

"म्हंजे?" पुनमनं विचारलं.

"जाऊन येते. घरातून निघताना जाते म्हणू न्हाई, म्हणून."

"अन् त्यानंच घात केला," संगप्पा म्हणाले. "देगलूरकडच्या कानडी येणाऱ्या लोकांची कार्डं आली. कर्नल येतो म्हणून गेलाय, कधी येतोय? एकवीस येळा उठवावं लागलं त्याला."

"माझी भाषा त्या राक्षसाच्या तोंडात घातलीत."

"अगं, ऐकून छातीत धस्स होईल अशी भाषा मला एकच ठावी होती."

गौरम्मांनी नवऱ्याकडं पाहिलं. हसू येऊ नये म्हणून ओठ दाबून धरले होते, पण मांडीवरचा डबा हलायला लागला. डोळे पुसून त्यांनी पुनमपुढचा कागद ओढला. "सही कुठं करायची?"

"आजी, हा रशियनसाठी हाय."

"खरी भाषा पायजे, असंच लिहिलंय ना? ही खरी हाय." आणि त्यांनी कानडी अक्षरात ठसठशीत सही केली.

सोमेशनं कंपनीला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "अप्पा, ते विचारतेत, भाषा खरी हाय हे कबूल. पण रशियाच्या कर्नलला ती येते कशी?"

संगप्पांनी भुवईतली विभूती पुसली आणि लिलावाच्या आवाजात म्हणाले, "त्यांना सांग, कर्नलची आई भालकीची हाय."