लिवलं? मंग आता वाच!

"लिवलं? मंग आता वाच!" पाटीवर बोटाने टक्‌टक् करत आमचे मेडशीच्या शाळेतले हेडमास्तर प्रत्येक पोराला म्हणायचे. तुम्हीही असे गुरुजी पाहिले असतील. मी तिथे नवा मास्तर. माझ्या रजेच्या अर्जालाही तोच नियम. माझी दाढदुखी मी त्यांच्यासमोर उभं राहून वाचली होती.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात त्यांना झटका आला. आठवड्यात उठले. बोलणं, चालणं, अक्षर, सगळं पहिल्यासारखं. पण शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी मला बाजूला नेऊन हजेरीपट पुढे केला.

"मास्तर, हे काय लिवलं हाय? माह्यंच अक्षर हाय, पन मले वाचता नाही येऊन राह्यलं."

मला थट्टा वाटली. मी हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. अक्षरं स्वच्छ दिसायची, लागायची मात्र नाहीत. मेंदूत लिहिण्याची वाट वेगळी आणि वाचण्याची वेगळी, एक बुजली तरी दुसरी चालू राहू शकते, हे मी अलीकडे कुठेतरी वाचलं. तेव्हा कुणाला ठाऊक? "कोनाले सांगू नका," एवढंच ते म्हणाले. हजेरी मी घेऊ लागलो.

मग तपासणीला शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब आले. गुरुजींनी सकाळीच फळाभर उतारा लिहून ठेवला होता. साहेब पोचले दुपारी; तोवर त्यातले शब्द गुरुजींच्या डोक्यातून निसटले असावेत. अक्षराचं कौतुक करत त्यांनी छडीने फळ्यावर टक्‌टक् केलं आणि सगळा वर्ग सवयीने ओरडला, "लिवलं? मंग आता वाच!"

साहेब हसले. "वाचा गुरुजी, पोरांचं ऐका."

गुरुजी फळ्याकडे बघत उभे राहिले. मी दारात होतो. काहीतरी निमित्त काढून आत शिरायला हवं होतं. मी चौकट धरून बघत राहिलो.

महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. ते आपल्या गावी, किन्हीराजाला गेले. तिथून त्यांचं कार्ड आलं: 'उत्तर पाठवू नका. मला वाचता येत नाही, हे घरात कोणाला माहीत नाही. नुसते या.'

आणि मी मूर्खाने, सवयीने, उत्तर पाठवलं.

दिवाळीला गेलो तेव्हा त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. गुरुजींच्या बायकोने, काकूंनी, माझं कार्ड आणून दिलं.

"कोनालेच हात लावू देल्ला नाही. रोज त्याच्यावर बोट फिरवत बसत. काय लिवलं म्हटलं, तं म्हनत, मास्तर येतीन, थेच वाचतीन. तुमीच लिवलं ना? मंग आता वाचा."

मी उभा राहिलो आणि वाचलं, "गुरुजी, दिवाळीला नक्की येतो."